तारण कोणाचे, अधिकार कोणाचा?

(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात पंडिता रमाबाई गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाला एखाद्या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाला बोलवायला हवे होते. तुम्ही बोलावलेत एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याला. संयोजकांना मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या पद्धतीने बोला." माझी पद्धत म्हणजे माझे टेबल. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत माझी नोकरी झाली आणि तिची बरीच वर्षे सोनेतारण विभागात गेली. सोमवार ते शनिवार 'तारण' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारायचो. तारण काय आणलंय, तारणाचं मूल्यांकन झालं का, तारणापोटी किती बसतील. रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून चर्चमध्ये जाऊन बसलो की तिथेही तोच शब्द. तारण, तारणारा, तारणाची आशा. कित्येक वर्षे हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारीशेजारी राहत होते, पण त्यांची बोलचाल नव्हती. ती एका बाईंनी करून दिली.

उसाचे बिल आल्याच्या दिवसांत बँकेत दागिने सोडवायला गर्दी होते. त्या गर्दीत साठीच्या घरातल्या एक बाई आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोरमाळ ठेवली होती. मुद्दल भरले, व्याज भरले, पावतीवर अंगठा केला. आम्ही तिजोरीतून पाकीट आणले, त्यांच्यासमोर लाख फोडली, वजन करून दाखवले. बाईंनी बोरमाळ हातात घेतली, पदराने पुसली आणि मला म्हणाल्या, "साहेब, दोन वर्षं अंधारात होती बघा. हिला काय कळतंय? मी मात्र रोज आठवण काढत होते." एवढे बोलून त्यांनी ती तिथेच, काउंटरसमोर, गळ्यात घातली आणि गेल्या.

त्यांच्या या तीन वाक्यांना घेऊनच मी आज रमाबाईंकडे जाणार आहे. पण त्याआधी आपल्या भाषेने काय करून ठेवले आहे ते पाहू.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या धर्मग्रंथाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींचे नाव 'करार' आहे. जुना करार, नवा करार. त्यात पापाला ऋण म्हटले आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही ऋण सोडण्याची विनंती करतो. ख्रिस्ताने आपला जीव दिला त्याला 'खंडणी' हा शब्द आहे. त्याला कराराचा 'जामीन' म्हटले आहे. पवित्र आत्मा माणसाला मिळतो तो 'विसार' म्हणून. आणि पुढे जे मिळायचे आहे ते 'वतन'. करार, ऋण, खंडणी, जामीन, विसार, वतन. हे शब्द आभाळातून पडलेले नाहीत. ते चावडीवरचे, सावकाराच्या ओटीवरचे, सातबाऱ्यावरचे शब्द आहेत. ज्यांनी ग्रीक आणि हिब्रू मजकुराला मराठी अंगरखा चढवला, त्यांना ठाऊक होते की इथला माणूस तत्त्वज्ञानाच्या आधी कर्ज ओळखतो.

'तारण' या शब्दाला मात्र दोन मुळे फुटलेली दिसतात. एक 'तरणे' आणि 'तारणे' यांतले. नदी ओलांडून पलीकडे नेणे. तारू म्हणजे नाव, तारणारा म्हणजे पलीकडे पोहोचवणारा. देव तारी त्याला कोण मारी, हे म्हणायला मराठी माणसाला ख्रिस्ती व्हावे लागत नाही. दुसरा अर्थ गहाणाचा: मी फेडीन याची हमी म्हणून आधी तुझ्या हाती दिलेली वस्तू. बँकेचा नियम सोपा असतो. ज्याच्याकडे तारण आहे त्याला कर्ज. ज्याच्याकडे काही नाही त्याला सहानुभूती.

धर्माचा बाजारही बऱ्याचदा याच नियमाने चालतो. आधी काहीतरी ठेवा: उपवास, दान, यात्रा, चांगली वर्तणूक, नियमित हजेरी. मग देव तुमच्या नावावर काही जमा करील. यात हिंदू, ख्रिस्ती असा भेद नाही. रविवारची वर्गणी आणि चर्चमधली पहिली रांग यांना तारण समजणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. आरशातही पाहिले.

आता रमाबाई.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वैष्णव विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला होता. मुलगी सहा महिन्यांची असताना कुटुंबाने डोंगर सोडला. वेताच्या एका पेटाऱ्यात घालून, दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून ती खाली उतरली. पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करत, पुराणे सांगत पायी हिंडले. रमाबाईंनी नंतर लिहिले आहे त्यावरून दिसते की या घराने देवापाशी काही ठेवायचे शिल्लक ठेवले नव्हते. स्नाने, व्रते, जप, ब्राह्मणभोजने, दाने. हाती होते ते सारे त्या खात्यात गेले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. भांडी गेली, दागिने गेले, कपडे गेले. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात वडील गेले. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, आयुष्यभर त्याचीच राहा. थोड्याच काळात आई गेली. तिला स्मशानात न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, चौथी रमा. तिची उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढे बहीणही गेली.

हा प्रसंग मी करुणा वाटावी म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो. एका घराने जे काही तारण ठेवता येईल ते ठेवले आणि बदल्यात काही आले नाही. अशा घरातली मुलगी पुढे 'तारण' या शब्दाचा कोणता अर्थ मान्य करील?

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी तिने लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. सिल्चरच्या घरात तिच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत लागली होती. पुढे पुण्यात तिने आर्य महिला समाज काढला, मग ती इंग्लंडला गेली. तिथे फुलॅम येथे तिने सिस्टरांचे एक काम पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे सन्मानाने जवळ केले जात होते. हे कशाच्या बळावर, असे तिने विचारले. उत्तरादाखल तिला योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथवरची गोष्ट मंडळींना ठाऊक असते. माझ्या विषयाला खरी सुरुवात होते ती यानंतर.

बाप्तिस्मा देणाऱ्यांची अपेक्षा अशी की विदुषी आता शिष्या होईल. सिस्टर जेराल्डीन तिच्या धर्ममाता. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील तिच्या हितचिंतक. दोघींनी तिच्यावर मनापासून माया केली. पण रमाबाई प्रश्न विचारायच्या थांबेनात. त्र्यैक्याचा सिद्धांत अमक्याच शब्दांत का मान्य करायचा? अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराशी सहमत नसलेल्यांना नरकात धाडण्याचा अधिकार कोणी दिला? क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको? त्या शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. त्यात कोणाला जातीचा ताठा दिसला, तरी ताट बदलले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली. बाईंनी त्यावर संतापून उत्तर दिले. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी स्पष्टच लिहिले की एका पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसऱ्या पुरोहितवर्गाचे मी चढवून घेणार नाही. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि तो मीच वापरायचा आहे. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो जरूर वाचावा. कोणत्याही कादंबरीपेक्षा कमी नाही.

तिकडे इंग्लंडात त्या हट्टी ख्रिस्ती ठरल्या, इकडे पुण्यात धर्मबुडवी हिंदू. त्या काळात जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून, १८८५ मध्ये, त्यांची बाजू घेतली. बाकी बहुतेक सगळे दोन्हीकडून दगड हाती घेऊन उभे होते.

मग प्रश्न असा की ही बाई देवाचा अधिकार मानत होती की नव्हती? सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, नाही. कारण चर्चचा अधिकार मानत नाही ती देवाचा काय मानणार? आजही अनेक पाळकांना असे वाटते. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनाही वाटते. देवाचा अधिकार म्हणजे आमच्या अधिकाराचा वरचा मजला, असा एक समज आहे. जिना आमच्याच ओसरीतून जातो.

शुभवर्तमानात या प्रश्नावर बोलणारा माणूस ख्रिस्ती नाही, यहुदीही नाही. तो रोमी सैन्यातला शताधिपती आहे. कफर्णहूमात त्याचा चाकर आजारी पडला. येशू घरी यायला निघाला तेव्हा तो म्हणाला, तुम्ही येण्याची गरज नाही, शब्द बोला. आणि कारण काय दिले? मीही कोणाच्या तरी हुकमाचा ताबेदार आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. आपण एरवी यातला दुसरा भाग लक्षात ठेवतो, की हाताखाली शिपाई आहेत. पण त्याला कळले होते ते पहिल्या भागामुळे. माझा हुकूम चालतो, कारण मी स्वतः कोणाच्या तरी हुकमात आहे. ज्या दिवशी मी वरचा हुकूम मोडीन, त्या दिवशी माझ्या शब्दाला किंमत उरणार नाही. येशूला या परक्या सैनिकाच्या विश्वासाचे आश्चर्य वाटले, असे मत्तय लिहितो.

म्हणजे माणसाचा अधिकार नेहमी उसना असतो. पाळकाचा, बिशपाचा, बापाचा, सरकारचा, बँक मॅनेजरचा. तो ज्याचा आहे त्याच्याविरुद्ध वापरला की फक्त दटावणी उरते. येशूचा शिष्य पेत्र याने यरुशलेमेच्या सभेपुढे उभे राहून माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे असे सुनावले, त्यामागे हाच हिशेब होता. १९३४ च्या मे महिन्यात जर्मनीत बार्मेन येथे काही ख्रिस्ती मंडळींनी जाहीर केले की चर्चचा प्रभू एकच आहे आणि त्याच्या जागी कोणत्याही नेत्याला किंवा राजवटीला बसवता येणार नाही; तेव्हा हिटलरच्या ऐन भरात त्यांनी हाच जुना हिशेब पुन्हा मांडला. त्या वर्तुळातला तरुण पाळक डीट्रिच बॉनहोफर पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला.

आणि येशूचा स्वतःचा अधिकार कसा दिसतो? तो पंगतीतून उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ज्या अधिकाराला पाय धुता येत नाहीत, त्याने देवाचे नाव घेताना जरा जपून घ्यावे.

आता मी त्या बोरमाळेकडे येतो, कारण अधिकार आणि तारण या दोन गोष्टी तिथे एकत्र येतात.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना एक मोठी गोष्ट उमगली. ती त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत नोंदवली आहे. त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. तेव्हा त्या विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालवत होत्या, ज्याचा आरंभ ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत झाला होता. त्याआधीच अमेरिकेत त्यांचे नाव झाले होते, हिंदू स्त्रियांवरचे त्यांचे पुस्तक गाजले होते. तरीही आत काहीतरी अडले होते. त्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र आले. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधले पाळक. १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावरून उपदेश करत असताना, स्वतःच्याच उपदेशाने त्यांचे परिवर्तन झाले. ऐकणाऱ्यांतला एक जण ओरडला की आपले पाळकसाहेबच बदलले! ज्याने इतरांना वर्षानुवर्षे तारण सांगितले, त्याला ते स्वतःला लागू आहे हे त्या दिवशी कळले. रमाबाईंना हा माणूस आपल्यासारखा वाटला असणार.

जुन्या ईश्वरविज्ञान्यांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले आहेत. माहिती, मान्यता आणि भरवसा. येशू नावाचा कोणी होऊन गेला, ही माहिती. तो खरा आहे, ही मान्यता. या दोन्ही गोष्टी बँकेत चालतात. एखाद्या अर्जदाराची माहिती असते, त्याची कागदपत्रे खरी आहेत हे मान्य असते. तरी आम्ही कर्ज देत नाही, कारण भरवसा नसतो. तिसरा पदर म्हणजे स्वतःचे वजन दुसऱ्यावर टाकणे. रमाबाईंसारख्या बुद्धिमान बाईला पहिले दोन पदर सोपे होते. तिसरा कठीण होता, कारण तिथे पांडित्य तारण म्हणून चालत नाही.

या देशातल्या वैष्णवांनी हाच प्रश्न त्यांच्या परीने विचारला होता. दक्षिणेत, जिथे अनंतशास्त्री मुलांना घेऊन हिंडले तिथेच, शरणागतीचे दोन न्याय सांगितले जातात. माकडाचे पिलू आईच्या पोटाला घट्ट धरून बसते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते. माणूस यांतला कोणता? ख्रिस्ती मत आणि वैष्णव मत एकच आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दोघांचाही अपमान ठरेल. पण प्रश्न आपल्या मातीत आधीच पेरलेला होता, एवढे मात्र खरे. प्रेषित पौलाचे उत्तर असे आहे की तारण कृपेने मिळते, विश्वासाच्या द्वारे. ते दान आहे, कर्मांचा पगार नाही. १५१७ नंतर लूथरने या एकाच वाक्याभोवती अर्धा युरोप हलवला.

मला मात्र पौल समजला तो त्या बाईंमुळे. इतकी वर्षे मी धर्मातल्या तारणाचे चित्र चुकीचे काढत होतो. मी स्वतःला काउंटरपुढचा गिऱ्हाईक समजत होतो: हातात माझी काही चांगली कामे, समोर देव, आणि मध्ये त्या कामांचे मूल्यांकन. सोन्याचा कस कमी निघेल की काय, ही धाकधूक. ख्रिस्ती सुवार्तेत माझी जागा तिथे नाही. मी तिजोरीत आहे. लाखेच्या पाकिटात, अंधारात. दागिना स्वतःला सोडवून आणू शकत नाही. त्याला मुद्दल माहीत नाही, व्याज माहीत नाही, तारीखही माहीत नाही. बाई म्हणाल्या तसे, हिला काय कळतंय. रोज आठवण काढणारे कोणीतरी बाहेर असते, ते पैसे जमवते, आणि एके दिवशी येऊन पुरी रक्कम मोजते. क्रूस म्हणजे ती मोजणी.

आता यातला दुसरा भाग. बाईंनी बोरमाळ सोडवली आणि गळ्यात घातली. त्या क्षणापासून बँकेचा तिच्यावर काडीचा हक्क राहिला नाही. मॅनेजर कितीही मोठा असो, त्याने ती परत मागितली असती तर लोक हसले असते. ज्याने सोडवले, अधिकार त्याचा. आणि ज्याचा अधिकार, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला नेमके हेच लिहिले: तुम्ही मोल देऊन घेतलेले आहात, तेव्हा माणसांचे दास होऊ नका.

म्हणून माझ्या मते रमाबाईंचा बाणेदारपणा आणि त्यांची शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. अभ्यासक बहुधा त्यांचे दोन भाग करतात. स्त्रीमुक्तीवाले पहिली रमाबाई घेतात, बिशपाला उत्तर देणारी. भाविक दुसरी घेतात, केडगावात गुडघे टेकणारी. मला एकच बाई दिसते. वडिलांनी मरताना जिला सांगितले की तू देवाची आहेस, तिने ते वाक्य शब्दशः घेतले. देवाची, म्हणून पुण्याच्या शास्त्र्यांची नाही. देवाची, म्हणून वाँटेजच्या सिस्टरांचीही नाही. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रातून टीका केली, म्हणजे सरकारचीही नाही.

याची किंमत त्यांनी दिली. शारदा सदनात त्या प्रार्थना करताना खोलीचे दार उघडे ठेवत. मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इथे मी त्यांच्या टीकाकारांचीही बाजू सांगतो. धर्मनिरपेक्ष म्हणून सुरू केलेल्या घरात उघडे दार हे किती निरागस असते, हा प्रश्न रास्त होता. त्यावर सुजाण माणसांचे आजही मतभेद होऊ शकतात. पण दाराला कडी घालणे हे रमाबाईंना शक्य नव्हते, आणि मुलींना ओढून आत आणणेही त्यांना पटणारे नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ त्यांना ओळखीचा होता. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि तरुण विधवा केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर अशा ख्रिस्ती सेवकांची चरित्रे वाचून त्यांनी ठरवले होते की लागेल ते देवाकडे मागायचे. म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या असे समजू नका. त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली, माग घातले, छापखाना काढला. भरवसा आणि कष्ट यांचे त्यांच्याकडे भांडण नव्हते. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी वेगळे सदन. मनोरमा ब्रेल शिकून आली होती. आणि या सगळ्याचे नाव 'मुक्ती'. यशया संदेष्ट्याने एका नगराच्या भिंतींना जे नाव दिले आहे, ते.

बँकवाल्याच्या नजरेने या गावाकडे पाहा. इथे आलेल्या एकाही मुलीकडे तारण नव्हते. आईबाप नाहीत, नवरा नाही, सोने नाही, अब्रूही लोकांनी काढून घेतलेली. कोणत्याही संस्थेच्या नियमात न बसणारी माणसे. ज्या बाईला स्वतःला काही न ठेवता सोडवले गेले आहे हे कळले होते, तिलाच असले दार काढता आले असते. सिद्धांत खरा की खोटा हे ओळखायचे असेल तर तो कोणाला आत घेतो ते पाहावे.

शेवटची पंधरा-एक वर्षे त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे. कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलेली बाई, अमरकोश मुखोद्गत असलेली. तिने जाणूनबुजून जड संस्कृत टाकले, कारण केडगावच्या मुलींना, खेड्यातल्या बाईला ते कळले पाहिजे. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून निघाला. देवाच्या शब्दाचा अधिकार मानणे म्हणजे काय, याचे याहून सरळ उदाहरण माझ्याकडे नाही. त्यांनी तो शब्द स्वतःच्या हाती ठेवून लोकांवर उगारला नाही. दुसऱ्याला तो स्वतः वाचता यावा म्हणून डोळे अधू होईपर्यंत मुद्रिते तपासली.

एक कठीण गोष्ट उरली आहे. ती सोडून मी खाली बसलो तर तुम्ही मला विचाराल.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळिशीतली. आईचा उजवा हात, संस्थेची वारस. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या, कानांनी बहुतेक काही ऐकू येत नव्हते. नवरा, भाऊ, बहीण, आईबाप, आणि आता मुलगी. ज्या देवाच्या अधिकारावर भरवसा ठेवला त्याने हे होऊ दिले. मग भरवसा कसला?

माझ्याकडे याचे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असते त्यांच्याजवळ मी फार वेळ बसत नाही. एवढेच सांगतो की तारण म्हणजे विमा नव्हे. विम्यात नुकसान झाले की भरपाई मिळते. सोडवलेला दागिना पुन्हा कधी तुटणार नाही, असे कोणी लिहून देत नाही. दुरुस्तीला जाईल, झिजेल, एखादा मणी हरवेल. फक्त तो कोणाचा आहे हा प्रश्न पुन्हा उघडणार नाही. मुलगी गेल्यानंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. त्या काळात त्या काय करत होत्या? भाषांतराचे काम.

मित्रहो, आमच्या बँकेत कर्ज फिटले की बेबाकी दाखला देतात. लोक तो जपून ठेवतात, घडी करून पाकिटात, लॅमिनेशन करून भिंतीवर. पुन्हा कोणी बोजा सांगितला तर दाखवायला. मला वाटायचे, देवानेही असा काही कागद द्यायला हवा होता, म्हणजे रात्री झोप लागली असती. पण त्या बाईंनी दाखला मागितलाच नव्हता. मी हाक मारून म्हटले, "बाई, पावती राहिली." त्या दारातून वळल्या, गळ्यातल्या बोरमाळेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही आहे की."